टाचेची शीर आणि एक्झोसोमची बाटली

प्रश्न : वय 46, रोज पळतो. सहा महिने टाचेच्या वर मागे दुखतंय. सोनोग्राफीत अकिलीस टेंडन जाड झाल्याचं दिसलं. एका क्लिनिकने एक्झोसोमचं इंजेक्शन सुचवलंय, 'शीर नव्याने तयार होते' म्हणतात. घ्यावं का? (पुणे)

उत्तर : आत्ता तरी नको. तुम्ही जिला शीर म्हणताय ती कंडरा (टेंडन), म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी. तिला रक्तपुरवठा मुळातच कमी, टाचेच्या हाडापासून 2 ते 6 सेंटिमीटर वर तर फारच तुटपुंजा. ती फाटली की शरीर घाईघाईने टाइप 3 कोलॅजेनचं (कोलॅजेन म्हणजे तंतूंचं प्रथिन) ठिगळ लावतं. मूळची टाइप 1 ची सरळ, एकमेकांना समांतर दोरखंडासारखी वीण पुरती परत येत नाही.

एक्झोसोम म्हणजे पेशी नव्हेत. पेशींनी बाहेर सोडलेल्या या 30 ते 150 नॅनोमीटरच्या पिशव्या. आत प्रथिनं आणि मायक्रो-आरएनए, म्हणजे जनुकांचं काम कमी-जास्त करणारे छोटे रेणू. मूळपेशींपासून काढलेले एक्झोसोम दिले तेव्हा उंदरांच्या कापलेल्या कंडरेत दाह लवकर निवळला आणि तंतू जास्त सरळ बसले. पण तो उंदीर तरुण, धडधाकट आणि कंडरा सुरीने कापलेली. तुमची कंडरा ताण सोसत हळूहळू झिजलेली आहे. या दोन वेगळ्या दुखण्यांना एकच औषध चालेल असं धरून चालू नका.

तरी क्लिनिकला एवढं विचाराच : स्रोत कोणता, एका मिलिलिटरमध्ये कण किती, ते कसे मोजले, निर्जंतुकता आणि एंडोटॉक्सिनचा (जिवाणूंच्या विषाचा) अहवाल कुठे आहे? 'अब्जावधी कण' ऐकून भुलू नका, मोजणीच्या यंत्राला प्रथिनांचे गोळेही कणच वाटतात. बाजारातल्या कित्येक बाटल्या त्वचेवर लावण्यासाठीच्या असतात, टोचण्यासाठीच्या नसतात. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने डिसेंबर 2019 मध्ये अशा उत्पादनांबद्दल जाहीर इशारा दिला होता.

त्याऐवजी 12 आठवडे जिना वापरा. कठडा धरून पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभे राहा. दोन्ही पायांनी वर या, भार दुखऱ्या पायावर घ्या आणि टाच सावकाश पायरीच्या खाली न्या. वर येताना चांगला पाय वापरा. गुडघा सरळ ठेवून 15-15 चे 3 संच, वाकवून तेवढेच, दिवसातून दोनदा. म्हणजे रोज 180. थोडं दुखणं चालेल. दुखेनासं झालं की पाठीवरच्या पिशवीत 5 किलो घाला. बहुतेकांचं फसतं ते दुखऱ्या पायाने वर आल्यामुळे, किंवा तिसऱ्या आठवड्यात कंटाळा आल्यामुळे. दुखणं अगदी हाडाला चिकटून असेल तर टाच पायरीखाली नेऊ नका, सपाट जमिनीवरच करा. आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिन, लिव्होफ्लॉक्सॅसिन ही प्रतिजैविकं लिहून दिली तर कंडरेचं दुखणं डॉक्टरांच्या कानावर घाला. या गोळ्यांनी ती तुटू शकते.

प्रश्न : मेदातल्या मूळपेशींपासून एक्झोसोम काढते. कणांची संख्या भरपूर येते, पण पेशी नसलेल्या कोऱ्या माध्यमातही (पेशी वाढवायच्या द्रावणातही) तेवढीच! (बायोटेक विद्यार्थिनी, नागपूर)

उत्तर : मग तुम्ही बहुधा गाईचे एक्झोसोम मोजताय. माध्यमात घातलेल्या वासराच्या सीरममध्ये (रक्तातल्या पातळ द्रवात) ते आधीच ठासून भरलेले असतात. पेशी पीबीएसने (क्षारांच्या द्रावणाने) दोनदा धुवा, 24 ते 48 तास सीरमविरहित माध्यमात ठेवा. नाहीतर सीरम आधी रात्रभर सेंट्रिफ्यूजमध्ये 1,00,000 जी वर (गुरुत्वाकर्षणाच्या लाखपट जोराने) फिरवून वरचा भागच वापरा. मग पेशींवरचं माध्यम काढून ते फिरवा : 300 जी वर 10 मिनिटं, 2,000 वर 20, 10,000 वर 30 आणि शेवटी 1,00,000 वर 70 मिनिटं. पीबीएसने धुऊन शेवटची फेरी पुन्हा. एक्झोसोमचा गाळ डोळ्यांना दिसतच नाही. म्हणून रोटरमध्ये (सेंट्रिफ्यूजच्या फिरत्या भागात) ठेवण्याआधी नळीच्या बाहेरच्या बाजूला मार्करने खूण करा आणि खुणेच्या आतल्या भिंतीवरून पीबीएस सोडत खरवडा. पिपेट तळाशीच फिरवत राहिलात तर माल भिंतीवरच राहतो. छोटे भाग करून उणे 80 अंशांवर ठेवा, पुन्हापुन्हा वितळवू नका. एक्झोसोमची ओळख पटवणारी सीडी9, सीडी63, सीडी81 ही प्रथिनं तपासा, आणि कोरं माध्यम याच सगळ्या पायऱ्यांतून नेऊन शेजारी ठेवा. त्याशिवाय तुमच्या आकड्याला अर्थ नाही.

प्रश्न : पीआरपी आणि एक्झोसोम एकच का? (पणजी)

उत्तर : नाही. पीआरपी (प्लेटलेट-रिच प्लाझ्मा) तुमच्याच रक्तातल्या प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या कणिका, घट्ट करून बनतं. अकिलीससाठी त्याचाही फार डांगोरा पिटला गेला; नेदरलँड्समधल्या 54 रुग्णांच्या 2010 च्या चाचणीत व्यायामासोबत दिलेलं पीआरपी सलाइनच्या (मिठाच्या पाण्याच्या) इंजेक्शनपेक्षा सरस ठरलं नाही.