पंकचा, म्हणजे सत्तरच्या दशकातल्या त्या वेगवान, आरडाओरड्याच्या रॉक संगीताचा, राजकीय असंतोषाशी खरंच संबंध होता की ती नंतर रचलेली गोष्ट? आणि बँडने राजकारणात पडावं का?

संबंध होता. हे मी एवढ्या ठामपणे लिहितोय कारण याच प्रश्नावरून आमचा बँड फुटला, २००८ मध्ये, नागपुरात, आणि आमचा गिटारवाला आजही तेच म्हणतो जे तेव्हा म्हणायचा, की पंक म्हणजे तीन कॉर्ड आणि स्पीड, राजकारण वगैरे सगळं पत्रकारांनी मागून चिकटवलं.

लंडनचं बहुतेकांना माहीत असतं. ३० एप्रिल १९७८ ला ट्रफाल्गर स्क्वेअरपासून व्हिक्टोरिया पार्कपर्यंत मोर्चा निघाला, नॅशनल फ्रंट या अतिउजव्या पक्षाच्या वर्णद्वेषाविरुद्ध, आणि पार्कात द क्लॅश, एक्स-रे स्पेक्स आणि बर्मिंगहॅमचा रेगे बँड स्टील पल्स एकाच कार्यक्रमात वाजले. पण मला जास्त पटते ती पूर्व जर्मनीची गोष्ट. तिथे लोकांसमोर वाजवायचं तर सरकारी परवाना लागायचा, कमिटीपुढे वाजवून दाखवायचं मग ती दर्जा ठरवणार, पंकवाल्यांना तो कोण देतो. म्हणून ते चर्चमध्ये वाजवायचे, सरकारचा हात कमी पोचायचा अशी तेवढीच जागा उरली होती. १९८३ मध्ये स्टासीने, म्हणजे तिथल्या गुप्त पोलिसांनी, पंकवाल्यांच्या मागे मोहीमच लावली, बँडांमध्ये खबरे पेरले, पूर्व बर्लिनच्या नामेनलोस नावाच्या बँडमधल्या पोरापोरींना गाण्याच्या शब्दांपायी जेलमध्ये टाकलं. आणि त्याच काळात चर्चच्या आसऱ्याने पर्यावरणवाले, शांततावाले जमत होते, चोरून पत्रकं छापत होते, १९८९ ची लाइपझिगची दर सोमवारची सरकारविरोधी मोर्चांची गर्दीसुद्धा चर्चमधूनच बाहेर पडली. नुसता साउंड असता तर सरकारने त्यावर खबरे कशाला घातले असते? हा प्रश्न मी आमच्या गिटारवाल्याला तेव्हापासून विचारतोय, उत्तर नाही.

आता आमचं सांगतो.

आम्ही तिघं, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. मी बेस वाजवायचो आणि गायचो. प्रॅक्टिस इंदोऱ्यात माझ्या मामाजींच्या कूलर रिपेअरिंगच्या गोडाऊनमध्ये, हिवाळ्यात तिथे काम नसतं, चारी बाजूंनी जुन्या कूलरच्या बॉड्या आणि खसचे गठ्ठे, त्यामुळे आवाज बाहेर जायचा नाही. ड्रमर शहराबाहेरच्या एका गावचा, पॉवर प्लांटला लागून. त्याच्या गावात छपरावर, विहिरीवर, वाळत टाकलेल्या कपड्यांवर राख बसायची आणि त्याच गावात रोज लोडशेडिंग. त्यावर मी गाणं लिहिलं, 'राख आमची, लाइट कोनाची', पूर्ण दोन मिनिटांचंही नव्हतं.

मामाजी तरुणपणी जलशात गायचे. १९७८ च्या ऑगस्टमध्ये नामांतराच्या, म्हणजे मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्या म्हणणाऱ्या, मोर्चानंतर इंदोऱ्यात दहा नंबर पुलापाशी पोलिसांनी गोळीबार केला, त्या दिवशी ते मोर्चात होते, १९ वर्षांचे. लंडनच्या त्या मोर्चाला तेव्हा तीनच महिने झाले होते, हे मी त्यांना सांगितलं तर त्यांना लंडनचं काही कौतुक वाटलं नाही, ते म्हणाले आमचंही गाणं होतं तिथं. आता पुलापाशी स्मारक आहे, १४ जानेवारीला लोक जमतात, गाणी आजही होतात. तर एका संध्याकाळी मामाजी खुर्ची टाकून बसले आणि आमची पूर्ण प्रॅक्टिस ऐकली. मला वाटलं शिव्या देतील. ते म्हणाले, "आवाज मोठा हाये बे पोट्टेहो, पन शब्दच आयकू नाही येत. ज्याच्यासाठी म्हनता त्यालेच नाही आयकू आलं तं म्हनून काय फायदा?"

मला ते तिथल्या तिथे पटलं. गिटारवाला भडकला. त्याचं म्हणणं की डिस्टॉर्शन, म्हणजे गिटारचा तो फाटका आवाज, कमी केलं तर ते पंक राहत नाही, भजनी मंडळ होतं. मी म्हटलं शब्द मराठीत आहेत, विषय गावचा आहे, मग गावाला कळू दे ना. तो म्हणाला विषय असू दे, गाणं वेगळं आणि मोर्चा वेगळा, मला यात ओढू नको. पुढचे पंधरा दिवस हेच.

मग डिसेंबर आला, अधिवेशन आलं. नागपूरवाल्यांना सांगायला नको, अधिवेशनाच्या दिवसांत अर्ध्या महाराष्ट्राचे मोर्चे इकडे येतात, बॅरिकेडपाशी अडवले जातात आणि लोक तिथेच रस्त्यावर बसतात. ड्रमरच्या गावचे पन्नासेक लोक धरण्यावर बसले होते, अर्ध्याच्या वर बाया. आम्ही ठरवलं तिथे वाजवायचं. जयंती मंडळाकडून बॅटरीवर चालणारा भोंगा आणला, ड्रमरने फक्त स्नेअर, म्हणजे काडीने वाजवायचा छोटा ड्रम, आणि एक सिंबल घेतला. गिटारवाला आदल्या रात्रीपर्यंत हो म्हणत होता. सकाळी त्याचा फोन बंद.

बेसला अॅम्प नव्हता, त्यामुळे तो हातात असून नसल्यासारखा. म्हणजे गिटार नाही, बेस नाही, नुसता स्नेअर आणि माझा आवाज. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा लोक बघत राहिले. दुसऱ्यांदा एका काकूंनी पिशवीतून डफ काढला आणि स्नेअरच्या मागे धरला, आमच्या स्पीडला नाही, त्यांच्या स्पीडला, ड्रमरला हळू व्हावं लागलं. तिसऱ्यांदा 'लाइट कोनाची' बाया म्हणत होत्या आणि मी फक्त पुढची ओळ सांगत होतो. चौथ्यांदा एका आजींनी मधेच त्यांची ओळ घातली, विहिरीवरची, ती माझ्या ओळीपेक्षा चांगली होती आणि गाण्यात तीच राहिली.

नंतर पोलीस आले, भोंग्याची परवानगी विचारली, नव्हती. आम्हा दोघांना संध्याकाळपर्यंत ठाण्यात बसवलं. भोंगा अकरा दिवसांनी परत मिळाला तो युनिट जळलेला, मंडळाला पैसे मामाजींनी भरून दिले. गिटारवाल्याने त्यानंतर आमच्यासोबत वाजवलं नाही. तो आता पुण्यात आहे, आमचं बोलणं होतं, चांगलं होतं, पण हा विषय निघाला की दोघंही तिथेच अडतो. त्याला मी आज इथे परत सांगतो, की त्या दिवशी गिटार नव्हती, डिस्टॉर्शन नव्हतं, स्पीडही राहिला नव्हता, आणि आम्ही जे काही पंक वाजवलं त्यातलं खरं तेवढंच होतं. तुझी गिटार असती तर बायांचा आवाज दबला असता की वर आला असता हे मला आजही माहीत नाही, पण तू यायला पाहिजे होतंस.

राख थांबली का विचाराल तर नाही. त्या अधिवेशनात त्यांच्या मागणीचं काही झालं नाही. गाण्याने सरकार पडतं असं मी म्हणतच नाहीये. बर्लिनची भिंत पंकने पाडली असं कोणी सांगत असेल तर ते खोटं आहे. गाण्याच्या निमित्ताने माणसं एका जागी येतात, आणि सरकारांना त्याचीच भीती वाटते. इंडोनेशियात बांदा आचेला डिसेंबर २०११ मध्ये पोलिसांनी साठच्या वर पंक पोरं एका कार्यक्रमातून उचलली, डोकी भादरली, तळ्यात बुडवून काढली आणि 'सुधारायला' दहा दिवस ठेवून घेतली. त्यांचा गुन्हा काय, तर जमले होते.

एक गोष्ट आधीच लिहायला पाहिजे होती. पंक म्हणजे आपोआप चांगल्या बाजूचं, असं नाही. सुरुवातीच्या लंडनवाल्यांपैकी काही जण नुसतं लोकांना डिवचायला हिटलरवालं स्वस्तिक लावून फिरायचे, आणि स्क्रूड्रायव्हरसारखा बँड पंक म्हणून सुरू होऊन पुढे उघड गोऱ्यांच्या वर्चस्वाची गाणी म्हणायला लागला. पूर्व बर्लिनमध्ये १९८७ ला झिऑन चर्चमधल्या कार्यक्रमावर हल्ला करणारे नवनाझी स्किनहेडच होते, पोलीस जवळच उभे राहून बघत होते. त्यामुळे राजकारणात पडावं का हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो, तुम्ही पडला नाहीत तरी तुमच्या स्टेजसमोर कोणीतरी त्याचं राजकारण घेऊन उभं राहणारच आहे, तेव्हा तुम्ही काय करणार ते आधी ठरवा.

बँड काढत असाल तर मराठीत म्हणा आणि आवाज गिटारच्या वर ठेवा. मोर्चात वाजवायचं तर मोर्चावाल्यांना आधी विचारा, त्यांच्यापैकी कोणाकडे डफ, टाळ काय असेल ते सोबत घ्या. स्पीकरची परवानगी लेखी घ्या आणि तिची झेरॉक्स एका वेगळ्या माणसाच्या खिशात ठेवा. भोंगा उसना आणला असेल तर मंडळाला खरं कारण सांगूनच आणा.