पहिलाच प्रश्न टेबिटचा नको

तुम्ही लिहिलंय की इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डचे जुने आशियाई (म्हणजे भारत-पाकिस्तानकडून तिकडे गेलेले) क्रिकेटपटू तुमच्या संशोधनासाठी मुलाखतीला बसतात, पण हो-नाहीच्या पुढे जात नाहीत. मीही तिथेच आपटलो होतो. संमतीपत्रं वगैरे तुमचे गाईड सांगतीलच, ते सोडतो.

माझी घोडचूक म्हणजे पहिला प्रश्न. रेकॉर्डर सुरू केला की विचारायचो, "तुम्ही कुणाच्या बाजूचे, इंग्लंडच्या की पाकिस्तानच्या?" मला वाटायचं, थेट गाभ्याला हात घातला. समोरचा माणूस मिटून जायचा. १९९० मध्ये ब्रिटनच्या हुजूर पक्षाचे नेते नॉर्मन टेबिट यांनी हीच कसोटी लावली होती: स्थलांतरित कोणत्या संघासाठी ओरडतात, त्यावरून त्यांची निष्ठा जोखायची. जो प्रश्न ऐकून त्यांचे कान किटले होते, तोच मी चहा यायच्या आत विचारत होतो. तेरा मुलाखती वाया गेल्या. त्यातले दोघे आता हयात नाहीत.

चौदावे चाचा वैतागून म्हणाले, "ते राहू दे, आम्ही खेळायला कधी जायचो ते विचार." मग तीन तास बोलले. लोकरीच्या गिरणीत रात्रपाळी, रविवारी सार्वजनिक बागेतल्या खडबडीत पिचवर सामना, बायकांनी पहाटे केलेले पराठे. शनिवारच्या क्लबांत सामन्यानंतर बारमध्ये बसणं हा अर्धा खेळ, आणि हे दारू न पिणारे. ब्रिटिशपणा वगैरे त्यातच आला, न विचारता. (माझ्या मुंबईच्या हिंदीला ते हसायचे, तेही कामी आलं.)

या रविवारच्या आशियाई लीगच्या कागदांसाठी एका क्रिकेट कार्यालयाच्या मागे सात महिने लागलो. उत्तर आलं: "त्या लीग आमच्याशी संलग्न नव्हत्या, म्हणून नोंदी नाहीत." अहो, तोच तर माझा प्रबंध! ब्रॅडफर्ड ज्या यॉर्कशायर कौंटीत येतं, तिच्याच संघाने १९९२ मध्ये पहिला परदेशी खेळाडू म्हणून आपला सचिन आणला, पण तिथेच जन्मलेला आशियाई मुलगा पहिल्या संघात यायला २००४ उजाडलं. बागेतलं क्रिकेट कुणी बघतच नव्हतं, असं माझं मत. मी समाजशास्त्राचा नाही, तेव्हा जपून घ्या. लेस्टरसारख्या तिथल्या दुसऱ्या शहराचं चित्र वेगळं असू शकेल.

आणि स्कोअरबुक दिसलं की तिथेच मोबाइलवर फोटो काढा. मला एका गॅरेजात रंगाच्या डब्यांखाली अकरा वह्या दिसल्या. "पुढच्या वेळी नेतो" म्हणालो. पुढच्या वेळेपर्यंत मुलाने गॅरेज रिकामं केलं होतं.