गढूळ वाईन आणि अथणीची द्राक्षं

प्रश्न: आक्का नमस्कार, परवा आम्ही चौघं एका छोट्या वायनरीत जाऊन आलो, नाव लिहीत नाही. पांढऱ्या द्राक्षांची म्हणून जी दिली ती केशरी, गढूळ, खाली गाळ, आणि चव म्हणाल तर शिळ्या आंबिलीच्या वळणाची. दर मात्र नेहमीच्या बाटलीच्या दुप्पट. मालक म्हणतोय नॅचरल आहे, एक्सपरिमेंट आहे. आम्हाला टोपी घातली की काय?
– टिळकवाडी, बेळगाव

उत्तर: रंगावरून आणि गाळावरून तरी तसं म्हणता येत नाही. पांढरी वाईन करताना रस काढून सालं बाजूला करतात, पण तीच सालं रसात काही दिवस, कधी काही महिने ठेवली की रंग आणि तुरटपणा उतरतो, हीच ती ऑरेंज वाईन, संत्र्याचा काही संबंध नाही हो. जॉर्जियात तर मातीचे मोठे रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरून त्यात द्राक्षं सालाबियांसकट आंबवतात, त्या रांजणाला क्वेव्री म्हणतात, २०१३ मध्ये युनेस्कोनं ही पद्धत वारशाच्या यादीत घेतली. सांगलीजवळ हरिपूरची हळदीची पेवं ऐकून माहिती असतील, तसं काहीतरी डोळ्यापुढं आणा.

गाळ म्हणजे बहुतेक मेलेलं यीस्ट, फिल्टर नाही केलं की राहतंय. आंबोळीचं पीठ बाहेरचं काही न घालता फुगतं की नाही, तसंच इथं विकतचं यीस्ट घालत नाहीत, द्राक्षाच्या सालीवर आणि वायनरीतल्या भांड्याकुंड्यांवर जे असेल त्याच्यावर काम, त्यामुळं दरवर्षी चव एकसारखी येईल याची गॅरंटी नाही. फ्रान्समध्ये २०२० पासून अशा वाईनला नियमावली आहे, त्यात ऑरगॅनिक द्राक्षं, हातानं तोडणी, तिथलंच यीस्ट आणि सल्फाइट, म्हणजे वाईन टिकावी म्हणून घालतात ते गंधकाचं द्रव्य, लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत. आपल्याकडं लेबलवर नॅचरल दिसलं तर काय काय घातलंय हे सरळ मालकाला विचारायचं, चांगला माणूस असेल तर तासभर सांगत बसतो, थांबवावं लागतं.

पण नॅचरल म्हटलं की सगळं माफ असं नव्हे. ग्लासातून नेलपॉलिशचा किंवा व्हिनेगरचा भपकारा आला तर बाटली परत करा. आणखी एक दोष आहे, तो ग्लासात कळतच नाही, घोट गिळल्यावर थोड्या वेळानं तोंडात उंदराच्या बिळासारखं काहीतरी येतं, कारण लाळेत मिसळल्यावर आंबटपणा कमी होतो आणि मग तो वास सुटतो. तसं झालं असेल तर एक्सपरिमेंट फसलाय, आणि त्याचे पैसे तुम्ही भरलेत.

प्रश्न: आमचं अथणी तालुक्यात दोन एकर थॉमसन द्राक्ष आहे, माल सगळा बेदाण्याला. भावकीतला पोरगा पुण्याहून आलाय, म्हणतोय काका बेदाणा सोडा, नॅचरल वाईन करू, काही घालायचंच नाही तर खर्च कुठला?

उत्तर: काका, पोरगं हुशार आहे पण गणित उलटं मांडतंय. काही घालायचं नाही म्हणजे चूक झाकायलाही काही उरत नाही, मग सगळा खर्च स्वच्छतेवर, गारव्यावर आणि रात्री उठून टाकी बघण्यावर.

साखरेचं तुम्हाला टेन्शन नाही, बेदाण्यासाठी २२-२३ ब्रिक्सपर्यंत (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) माल ठेवताच, एका ब्रिक्सला अर्ध्या टक्क्याहून थोडं जास्त अल्कोहोल धरलं तर १२-१३ टक्के सहज बसतात. घोळ आंबटपणाचा. मार्चच्या उन्हात साखर चढते तशी आम्लता उतरते, पीएच वर जातो, आणि ३.६-३.७ च्या पुढं गेला की नको ते बॅक्टेरिया घर करतात, वर तिथं सल्फाइटचा जोरसुद्धा कमी पडतो. म्हणून मला विचाराल तर थोडा माल लवकर, १८ ब्रिक्सला तोडा, १० टक्क्यांची हलकी वाईन होईल पण टिकायचा चान्स तरी राहील. थॉमसनला स्वतःचा वास फारसा नाही, तेव्हा सालासकट चार-पाच दिवस ठेवून बघण्यात मजा आहे. आणि फवारणी! भुरी-डाऊनीची औषधं बुरशीवर मारता, यीस्ट पण बुरशीच की, तोडणीच्या तोंडावर मारलेलं औषध तुमचं फुकटचं यीस्ट मारतंय.

दुसरं, आंबताना निघणारा कार्बन डायऑक्साइड जड असतो, खोलीत खालीच साचतो. जुनी माणसं ज्वारीच्या पेवात उतरायच्या आधी दिवा सोडून बघायची ना, त्यातलाच प्रकार. टाकीच्या खोलीला खालून वारा पाहिजे आणि टाकीत एकट्यानं कुणी उतरायचं नाही.

बेदाणा एवढ्यात सोडू नका. उत्पादन शुल्क खात्याचं लायसन नसताना हा धंदा करता येत नाही, तेव्हा लायसन असलेल्या एखाद्या छोट्या वायनरीला दहा क्रेट देऊन तिथंच ट्रायल करा, पोराला तोडणीच्या दिवसांत तिथं राहू दे. टाक्या धुवून कंबर धरली की किती उत्साह उरतोय ते दिसेलच.

प्रश्न: नॅचरल वाईननं डोकं दुखत नाही म्हणतात, सल्फाइट नसतं म्हणून?
– शहापूर

उत्तर: यीस्ट स्वतःच थोडं सल्फाइट तयार करतं, म्हणजे शून्य कुठंच नाही. आणि गंधकाची धुरी दिलेल्या पिवळ्या बेदाण्यात ते वाईनपेक्षा कितीतरी जास्त असतं, तो शिऱ्यात घालून खाताना डोकं दुखतं का? दमा असणाऱ्यांनी मात्र दोन्हीकडं जपावं. बाकीच्यांनी ग्लास मोजावेत.

प्रश्न: खानापूरला आमच्या दारात जांभूळ आहे. जांभळाची फसफसणारी वाईन वायनरीवाले बाटलीत कशी पकडतात?

उत्तर: आंबणं पुरं व्हायच्या आधी बाटली बंद करतात, उरलेली साखर आतच आंबते आणि गॅस विरघळून राहतो, पेटनॅट म्हणतात त्याला. लिटरमागं साधारण ४ ग्रॅम साखर आंबली की १ बार दाब, म्हणून ते मोजून भरतात आणि जाड शॅम्पेनच्या बाटल्या वापरतात. मी एकदा साधं जांभळाचं सरबत जुन्या काचेच्या बाटलीत बूच घट्ट मारून माळ्यावर ठेवलं आणि विसरले, जूनमधली गोष्ट, चौथ्या दिवशी भर दुपारी असा आवाज झाला की शेजारच्या काकू सिलिंडर गेला म्हणून पळत आल्या. छतावरचा डाग दोनदा रंगवून झाला, पावसाळ्यात अजून वर येतोय.