डेन्व्हर नगेट्सकडे योकिचसारखा स्टार आहे, मालकाकडे पैसा आहे. मग उन्हाळ्यात ते मोठा फ्री एजंट (करार संपून मोकळा झालेला खेळाडू) का घेत नाहीत?

तुम्ही विचारलंय की 2023 ला एनबीएचं, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचं, विजेतेपद मिळवल्यावर महिन्याभरात नगेट्सनी ब्रूस ब्राऊनला जाऊ दिलं, पुढच्या वर्षी केंटेव्हियस कॉल्डवेल-पोपही गेला. मालक क्रोन्के कुटुंब, म्हणजे आर्सेनल आणि लॉस एंजेलिस रॅम्सवाले. एवढा पैसा असताना आयपीएलसारखी बोली लावून दोन-तीन चांगले खेळाडू का उचलत नाहीत?

थोडक्यात सांगायचं तर ब्राऊनला ठेवणं त्यांच्या हातात नव्हतं. कॉल्डवेल-पोपला (पुढे केसीपी म्हणतो, सगळे तेच म्हणतात) ठेवणं हातात होतं, त्यांनी ठेवलं नाही. चाहते ही दोन्ही नावं एका दमात घेऊन संघाला शिव्या घालतात. मला ते पटत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी आयपीएलचं चित्र डोक्यातून काढा. तिथे 2025 च्या मेगा लिलावात प्रत्येक संघाची पर्स 120 कोटींची होती. पर्स संपली की विषय संपला. एनबीएत सॅलरी कॅप (संघाच्या एकूण पगारांची मर्यादा) आहे, 2025-26 साठी 15 कोटी 46 लाख डॉलर (पुढचे सगळे आकडे डॉलरमध्येच), पण ती ओलांडायला बंदी नाही. बहुतेक संघ कॅपच्या वरच असतात. कॅप ओलांडलेल्या संघाला दुसऱ्याचा खेळाडू हवा तेवढा पगार देऊन आणता येत नाही, स्वतःचा खेळाडू मात्र कॅपच्या वर जाऊनही ठेवता येतो. नियमांचा सगळा पसारा या फरकातून निघालाय.

आता डेन्व्हरचं पगारपत्रक बघा. 2025-26 मध्ये निकोला योकिचचा पगार साधारण साडेपाच कोटी डॉलर, जमाल मरेचा 4 कोटी 64 लाख. दोघांतच दहा कोटी गेले, अजून आरॉन गॉर्डन आणि बाकीचे डझनभर खेळाडू आहेतच. त्यामुळे बाजारात जाऊन वर्षाला तीन कोटींचा खेळाडू सही करून आणणं हा पर्याय या संघाकडे बरीच वर्षं नाहीच. मालकाने खिसा कितीही सैल सोडला तरी नाही.

मग उरतं काय? आपल्याच खेळाडूंवरचे हक्क, एक छोटी सवलत, किमान पगाराचे करार आणि ट्रेड, म्हणजे संघासंघांतली खेळाडूंची अदलाबदल. यातला पहिला प्रकार सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कमी समजला जाणारा.

त्याला बर्ड राइट्स म्हणतात, बॉस्टनच्या लॅरी बर्डवरून. खेळाडू सलग तीन वर्षं तुमच्याकडे असेल (मध्ये ट्रेड होऊन आला तरी चालतं, फ्री एजंट म्हणून संघ बदललेला नको), तर कॅप विसरून त्याला कमाल पगारापर्यंत काहीही देता येतं. दोन वर्षं झाली असतील तर अर्ली बर्ड: साधारण आधीच्या पगाराच्या 175 टक्के, किंवा लीगच्या सरासरी पगाराहून किंचित जास्त, यातलं जे मोठं असेल ते. आणि एकच वर्ष झालं असेल तर आधीच्या पगाराच्या 120 टक्के. बस.

ब्रूस ब्राऊन याच शेवटच्या खणात अडकला.

तो जुलै 2022 मध्ये डेन्व्हरला आला तो टॅक्सपेअर मिड-लेव्हल एक्सेप्शनवर. लक्झरी टॅक्स (पगार ठरलेल्या रेषेवर गेले की लीगला द्यावा लागणारा दंड) भरणाऱ्या संघांना मिळणारी ही लहान सवलत त्या वर्षी जेमतेम 65 लाखांची होती. करार दोन वर्षांचा, पण दुसरं वर्ष नाकारायचा अधिकार खेळाडूकडे. या किमतीला ब्राऊन म्हणजे लॉटरीच होती. मायामीविरुद्धच्या फायनल्सच्या चौथ्या सामन्यात त्याने 21 गुण केले, त्यातले 11 शेवटच्या क्वार्टरमध्ये. मग पाचवा सामना, आपल्याकडे 13 जूनची सकाळ. दीडेक मिनिट उरलंय, डेन्व्हर एकाने मागे, शॉट चुकतो आणि गर्दीतून ब्राऊन रिबाउंड घेऊन तिथल्या तिथे बॉल परत आत टाकतो: 90-89. त्यानंतर अर्ध्या मिनिटाहून कमी वेळ उरलेला असताना मायामीचा जिमी बटलर पास द्यायला जातो आणि केसीपी तो चोरतो. दोन फ्री थ्रो, 92-89. पन्नासेक वर्षांच्या संघाचं पहिलं विजेतेपद ज्या दोन हातांनी पक्कं केलं, ते दोन्ही पुढच्या तेरा महिन्यांत संघाबाहेर होते. म्हणून तुमच्या प्रश्नातली तळमळ मला अगदी कळते.

ब्राऊनने दुसरं वर्ष नाकारलं. डेन्व्हर त्याला जास्तीत जास्त देऊ शकत होतं ते 65 लाखांच्या 120 टक्के, म्हणजे साधारण 78 लाख. इंडियाना पेसर्सकडे कॅपमध्ये मोकळी जागा होती. त्यांनी दोन वर्षांचे साडेचार कोटी पुढे केले, पहिल्याच वर्षी 2 कोटी 20 लाख. 78 लाख विरुद्ध 2 कोटी 20 लाख. इथे मालकाची दानत, जनरल मॅनेजरची हुशारी, खेळाडूची निष्ठा, कशालाच जागा नव्हती. ब्राऊन आणखी एक वर्ष कमी पगारात थांबला असता तर 2024 मध्ये अर्ली बर्ड लागू झालं असतं. पण दुखापत झाली तर? ज्याने तोवर मोठा करार कधी पाहिलाच नव्हता, त्याने हा धोका पत्करावा असं मी तरी म्हणणार नाही.

पुढची गोष्टही ऐका, कारण फ्री एजंटचा करार ही नुसती नोकरी नसते हे तिथे दिसतं. पेसर्सनी ब्राऊनला ठेवलं सहाएक महिने. जानेवारी 2024 मध्ये त्याचा जाडजूड पगार वापरूनच त्यांनी टोरांटोकडून पास्काल सियाकाम आणला. ट्रेडमध्ये दोन्हीकडचे पगार जुळवावे लागतात, आणि ब्राऊनच्या कराराचं दुसरं वर्ष संघाच्या मर्जीवर असल्यामुळे तो कुणालाही घ्यायला सोयीचा होता. तो सियाकाम 2025 मध्ये पेसर्सना फायनल्सच्या सातव्या सामन्यापर्यंत घेऊन गेला. ब्राऊन मात्र टोरांटोहून न्यू ऑर्लिन्सला ढकलला गेला.

आता केसीपी. तो 2022 मध्ये वॉशिंग्टनकडून ट्रेडमधून आला होता, त्याचे बर्ड राइट्स पूर्ण डेन्व्हरकडे. 2024 च्या उन्हाळ्यात त्याने 1 कोटी 54 लाखांचं शेवटचं वर्ष नाकारलं आणि ऑर्लँडो मॅजिकने तीन वर्षांचे 6 कोटी 60 लाख दिले. एवढे डेन्व्हरही देऊ शकत होतं, नियमाचा अडथळा नव्हता. अडथळा होता दुसऱ्या एप्रनचा.

कॅप आणि लक्झरी टॅक्सच्या वर आणखी दोन रेषा आहेत, त्यांना एप्रन म्हणतात; त्यातली दुसरी लीग आणि खेळाडूंमधल्या 2023 च्या नव्या सामूहिक करारात आली. ती 2024-25 मध्ये 18 कोटी 89 लाखांवर होती. ती ओलांडली की दंड पैशांपुरता राहत नाही. मिड-लेव्हल सवलत जाते, दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू आणता येत नाही, सात वर्षांनंतरच्या ड्राफ्टमधला (नव्या खेळाडूंची वार्षिक निवड) पहिल्या फेरीचा पिक, म्हणजे निवडीचा हक्क, ट्रेडसाठी गोठवला जातो. श्रीमंत मालक टॅक्स भरून मोकळा व्हायचा, तो रस्ता बंद करायलाच हे आणलंय. केसीपीला ठेवलं असतं तर डेन्व्हर या रेषेच्या वर गेलं असतं. त्यांनी त्याला जाऊ दिलं आणि त्याची जागा ख्रिश्चन ब्राउनला दिली. (आडनावाचा उच्चार ब्रूसच्याच आडनावासारखा, स्पेलिंग वेगळं. 2022 च्या ड्राफ्टमधला 21 वा.)

सुरुवातीला उतरणाऱ्या पाच खेळाडूंपुरतं बघाल तर निर्णय चुकला असं म्हणवत नाही. ख्रिश्चन झपाट्याने सुधारला, ऑक्टोबर 2025 मध्ये त्याच्याशी पाच वर्षांचा साडेबारा कोटींचा करार झाला. केसीपीचा ऑर्लँडोतला हंगाम बेताचा गेला आणि वर्षभरात त्याला मेम्फिसला पाठवलं. माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. केसीपी गेल्यावर बेंचवरून आत यायला कोण, याचं उत्तर त्या उन्हाळ्यात संघाने शोधलंच नाही. होती ती छोटी मिड-लेव्हल सवलत, सुमारे 52 लाखांची, ती डारिओ शारिचवर खर्च केली आणि तो हंगामभर बहुतेक बसूनच राहिला. मे 2025 मध्ये ओक्लाहोमा सिटीविरुद्ध बाद फेरीच्या सातव्या सामन्यात गॉर्डन मांडीचा स्नायू दुखावलेला असताना उतरला, मायकल पोर्टर ज्युनियरचा खांदा दुखावलेला, आणि बदली खेळाडू मोजायला एका हाताची बोटंही जास्त. 125-93 ने हरले. योकिचच्या ऐन उमेदीतलं एक वर्ष त्यात गेलं आणि ते परत मिळत नाही.

त्यापुढचा उन्हाळा मात्र त्यांनी फार विचाराने घालवला. तुमच्या ‘पर्याय कोणते’ या प्रश्नाचं खरं उत्तर 2025 च्या त्या दहा-बारा दिवसांत आहे.

त्या वर्षी भरपूर मोकळी जागा असलेला संघ जवळजवळ एकटा ब्रुकलिन होता. डेन्व्हरने पोर्टर आणि 2032 चा पहिल्या फेरीचा पिक ब्रुकलिनला दिला आणि कॅम जॉन्सनला घेतलं. पोर्टरचा पगार 3 कोटी 83 लाख, जॉन्सनचा साधारण 2 कोटी 10 लाख. तसाच फेकणारा, बचावात थोडा भरवशाचा खेळाडू आला आणि वर्षाचे पावणेदोन कोटी वाचले. रेषांपासून अंतर वाढल्यामुळे एरवी बंद असलेले नियम पुन्हा उघडले. वर ज्याला मी नावं ठेवली त्या शारिचचा 54 लाखांचा करार सॅक्रामेंटोला देऊन त्यांनी योनास वालान्च्युनास आणला, ज्याचा पगार त्याच्या जवळजवळ दुप्पट, 1 कोटी 4 लाख. पहिल्या एप्रनच्या वर असलेल्या संघाला दिलेल्या पगारापेक्षा जास्त पगार परत घेताच येत नाही. म्हणजे फसलेली सहीसुद्धा पुढच्या वर्षी चलन म्हणून कामी आली. योकिचला विश्रांती देता येईल असा सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) या संघाला कित्येक वर्षं मिळत नव्हता. वालान्च्युनासला त्या उन्हाळ्यात ग्रीसच्या पानाथिनाइकोसचे वेध लागले होते, पण डेन्व्हरने करार सोडला नाही.

उरल्या जागा किमान पगारावर भरल्या. इथे एक सुंदर तरतूद आहे. दहा किंवा जास्त वर्षं खेळलेल्याला किमान पगार 36 लाखांच्या आसपास मिळतो, पण करार एका वर्षाचा असेल तर संघाच्या खात्यावर 23 लाखच चढतात, वरचे पैसे लीग भरते. अनुभवी खेळाडू महाग म्हणून संघांनी टाळू नयेत, हा हेतू. टिम हार्डवे ज्युनियर असाच आला. आणि दुसरा किमान पगारावर आलेला कोण, तर ब्रूस ब्राऊन. साडेचार कोटींचा करार संपला होता, आता किंमत कमी झाली होती, आणि जिथे तो सगळ्यात चांगला खेळला त्या संघात तो परतला. ती बातमी वाचून मला मनापासून आनंद झाला.

तेव्हा डेन्व्हरसारख्या संघाचा उन्हाळा बघायचा असेल तर मोठ्या फ्री एजंटची यादी घेऊन बसू नका. आपल्याकडे 1 जुलैच्या पहाटे साडेतीनला बाजार उघडतो, तेव्हा त्या यादीतला कुणीच त्यांच्याकडे येणार नसतो. स्वतःचा कोण मोकळा होतोय, तो किती वर्षं इथे आहे आणि त्याला ठेवल्यावर पगारपत्रक कुठल्या रेषेला टेकतंय, हे बघा.

पुढचं प्रकरण पेटन वॉटसनचं. तोही 2022 च्या ड्राफ्टमधला, तिसावा. ऑक्टोबर 2025 च्या मुदतीत त्याच्याशी करारवाढ झाली नाही, म्हणून तो 2026 च्या उन्हाळ्यात रिस्ट्रिक्टेड फ्री एजंट. आयपीएलमधलं राइट टू मॅच कार्ड आठवा. दुसऱ्या संघाने त्याच्याशी करार केला तरी क्वालिफाइंग ऑफर (एका वर्षाच्या कराराचा औपचारिक प्रस्ताव) देऊन ठेवलेली असेल तर डेन्व्हर तेवढीच रक्कम देऊन त्याला ठेवू शकतं. चार वर्षं झाली आहेत, बर्ड राइट्स पूर्ण आहेत. म्हणजे हे ब्राऊनचं नाही, केसीपीचं प्रकरण आहे: परवानगी आहे, किंमत मोजायची तयारी आहे का एवढंच ठरवायचं. माझ्या मते मोजावी, त्यासाठी दुसरा एखादा पगार ट्रेडमध्ये सोडावा लागला तरी. लांब हातांचा, कुणालाही अडवू शकणारा आणि वयाने लहान खेळाडू किमान पगारात बाजारात सापडत नाही.