मडगावात घरीच सेमी-हॉलो (मध्ये भरीव ठोकळा, दोन्ही बाजूंना पोकळ) गिटार बनवतो आहे. फ्लेम मेपल लाकडाची वरची फळी जुलैमध्ये चिकटवू का?

चिकटवू नये, खोली डीह्युमिडिफायरने ४५ ते ५० टक्के आर्द्रतेवर ठेवता येत नसेल, तर पावसाळा संपून हवा कोरडी होईपर्यंत थांबावे. कोकणपट्टीच्या पावसाळी हवेत ८५ टक्क्यांच्या पुढे आर्द्रता असताना लाकडातील ओलावा १७-१८ टक्क्यांपर्यंत चढतो, आणि तशी फुगलेली फळी मधल्या ठोकळ्याला व कडांना पक्की बसवल्यावर गिटार एसी खोलीत गेली की ती आडवी आक्रसू पाहते, पण सरकायला जागा नसल्यामुळे एफ-होलच्या (फळीतील f आकाराच्या छिद्राच्या) टोकाशी किंवा मधल्या सांध्यावर चिरते. फ्लेम मेपलचे तंतूच नागमोडी असल्याने (त्या देखण्या पट्ट्यांची ही किंमत) पातळ फळी सरळ तंतूंच्या फळीपेक्षा अधिक वेडीवाकडी होते. त्याच फळीचा उरलेला तुकडा स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर रोज तोलावा. त्या कोरड्या खोलीत आठवडाभर वजन ग्रॅमनेही हलले नाही, म्हणजे फळी तयार झाली. मात्र १९५८ च्या गिब्सन ईएस-३३५ या सेमी-हॉलो गिटारप्रमाणे फळी प्लायची असेल, तर आडव्या-उभ्या थरांमुळे हा धोका बराच कमी होतो.