‘येस’च्या अल्बमविषयी वाद घालण्यापूर्वी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. ‘येस’ या ब्रिटिश प्रोग्रेसिव्ह रॉक (लांब, गुंतागुंतीच्या रचनांचा रॉकप्रकार) बँडचे अल्बम तू क्रमाने ऐकू लागला आहेस आणि ‘टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स’पाशी येऊन थांबला आहेस, हे तुझ्या पत्रातून कळले आणि मनापासून आनंद झाला. या बँडच्या चाहत्यांमध्ये सर्वांत जुना आणि सर्वांत तीव्र वाद याच अल्बमवरून चालत आला आहे आणि पन्नास वर्षे उलटली तरी तो मिटलेला नाही. अल्बमची मांडणी श्रुती, स्मृती, पुराण आणि तंत्र या चौकटीवर उभी आहे, म्हणून भारतीय श्रोत्याला तो इतरांहून अधिक कळतो आणि आपण ठामपणे त्याची बाजू घेतली पाहिजे, असे तू लिहितोस. तुझा उत्साह मला आवडला, पण हा युक्तिवाद मला मान्य नाही. तो का मान्य नाही, हे सविस्तर लिहितो.

आधी या चौकटीचा उगम पाहू. गायक जॉन अँडरसन यांना परमहंस योगानंदांचे १९४६ साली प्रसिद्ध झालेले आत्मचरित्र वाचण्याची शिफारस ‘किंग क्रिम्झन’ या दुसऱ्या ब्रिटिश बँडमधील तालवादक जेमी म्यूर यांनी केली, तीही १९७३ साली ड्रमवादक बिल ब्रुफर्ड यांच्या विवाहसमारंभात. त्यानंतर लवकरच टोकियोमध्ये दौऱ्यावर असताना अँडरसन ते पुस्तक वाचत होते आणि शास्त्रांचे चार प्रकार सांगणारी एक तळटीप त्यांच्या नजरेस पडली. पुस्तकाच्या मुख्य मजकुरातूनही नव्हे, तर त्या एका टिपेतून दोन एलपी तबकड्यांच्या चार बाजूंवर पसरलेल्या, सुमारे ८० मिनिटांच्या संगीताची कल्पना निघाली. पुढे दौऱ्यावरच्या हॉटेलांमध्ये बसून अँडरसन आणि गिटारवादक स्टीव्ह हाउ यांनी तिचा आराखडा तयार केला.

तळटीप छोटी होती म्हणून कल्पना हलकी ठरत नाही. कलावंताला ठिणगी कुठूनही मिळू शकते. मात्र ठिणगी आपल्याकडची होती, एवढ्यावरून जे उभे राहिले त्यावर आपला विशेष अधिकार पोहोचत नाही. अँडरसन यांनी वेष्टनावर प्रत्येक बाजूविषयी जे लिहिले आहे ते नीट वाच. तिसऱ्या बाजूचा संबंध त्यांनी पुराणांशी लावला आहे, परंतु तिथे उल्लेख येतो तो भारतीय, चिनी आणि मध्य अमेरिकी संस्कृतींचा, आणि त्यांच्या जोडीला अटलांटिसचाही. विष्णुपुराण किंवा भागवत मनात ठेवून ही बाजू ऐकणाऱ्याला तिथे ओळखीचे काहीच सापडणार नाही, कारण अँडरसन यांना अभिप्रेत आहे तो स्मरणाच्याही पलीकडचा प्राचीन काळ, मग तो पृथ्वीवर कुठलाही असो. या दृष्टीने तू एखाद्या इंग्रज किंवा जपानी श्रोत्याच्या पुढेही नाहीस आणि मागेही नाहीस. तुमच्या सर्वांपुढे एकच गोष्ट आहे, ती म्हणजे संगीत, आणि वादही त्याच्याच आधाराने व्हायला हवा.

त्या संगीताविषयी लिहिण्याआधी तबकडीची रचना समजून घे, कारण तू हे सारे फोनवर सलग ऐकतोस आणि त्यामुळे एक महत्त्वाची गोष्ट नजरेआड होते. एलपीच्या एका बाजूवर साधारण २० ते २२ मिनिटांचे संगीत चांगल्या दर्जाने मावते. त्याहून लांबवले तर खाचा जवळजवळ आणाव्या लागतात, आवाजाची पातळी खाली येते आणि मंद्र स्वरांचा जोर ओसरतो. १९७२ च्या ‘क्लोज टू द एज’ची पहिली बाजू एकाच रचनेने व्यापली आहे आणि ती १८ मिनिटांहून थोडी अधिक आहे. लंडनच्या अॅडव्हिजन स्टुडिओत ही रचना तुकड्यातुकड्यांनी ध्वनिमुद्रित झाली आणि ध्वनितंत्रज्ञ एडी ऑफर्ड यांनी टेप कापून आणि जोडून ते तुकडे एकसंध केले. तरीही तिचा प्रवाह कुठे तुटत नाही. सुरुवातीच्या गोंधळातून विषय वर येतो, मध्यभागी सर्व काही शांत होते, कीबोर्डवादक रिक वेकमन यांचा चर्च ऑर्गन उभा राहतो आणि मूळ विषय नव्या ताकदीने परत येतो. माझ्या मते बँडने याहून नेटके काही केले नाही. ब्रुफर्ड यांनाही बहुधा तसेच वाटले असावे, कारण अल्बम पूर्ण होताच ते ‘किंग क्रिम्झन’मध्ये गेले आणि त्यांच्या जागी अॅलन व्हाइट आले.

‘टेल्स’मध्ये तशा चार बाजू भरायच्या होत्या. वेकमन यांचा मुख्य आक्षेप इथेच होता. त्यांचे म्हणणे असे की, हाती असलेले साहित्य एका तबकडीसाठी जास्त आणि दोन तबकड्यांसाठी कमी होते, त्यामुळे केवळ जागा भरण्यासाठी भर घालावी लागली. अल्बमचा दौरा संपल्यावर १९७४ साली त्यांनी बँड सोडला. मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमधील कार्यक्रमात त्यांनी रंगमंचावर कीबोर्डांमागे बसून करी खाल्ल्याचा किस्सा तुला चाहत्यांच्या प्रत्येक बैठकीत ऐकायला मिळेल. तो खरा आहे, स्वतः वेकमन तो सांगतात, पण तू त्याचा पुरावा म्हणून उपयोग करू नकोस. वादक कंटाळला होता, एवढेच त्यावरून सिद्ध होते. संगीतात भर घातली आहे की नाही, हे ऐकूनच ठरवावे लागते.

मी स्वतः कोणत्या निष्कर्षाला आलो ते सांगतो, मात्र तू तो जसाच्या तसा स्वीकारू नकोस. पहिली बाजू मला निर्विवादपणे मोठी वाटते. सुरुवातीचे मंत्रोच्चारासारखे समूहगायन, त्यातून हळूहळू फुटणारा ताल आणि शेवटाकडे वेकमन यांच्या सिंथेसायझरने घेतलेली भरारी, यांत मला एकही जागा अनावश्यक वाटत नाही. दुसऱ्या बाजूत मेलोट्रॉनचे (टेपवर मुद्रित केलेले स्वर वाजवणाऱ्या कीबोर्डचे) विस्तीर्ण थर आहेत आणि टीकाकार ज्याला भर म्हणतात ती मला तिथे खरोखर जाणवते. एकच भाव थोडाथोडा बदलून वारंवार येतो आणि रचना पुढे सरकत नाही. तिसऱ्या बाजूचा पहिला भाग मुद्दाम कर्कश ठेवलेला आहे. स्टीव्ह हाउ यांची स्टील गिटार आणि धातूचे तालवाद्य श्रोत्याला विसावू देत नाहीत, आणि म्हणूनच त्यानंतर येणारा शास्त्रीय गिटारचा एकल भाग व त्याला लागून येणारे साधे गाणे इतके हृदयाला भिडते. तो भाग सुटा काढून ऐकणारे चाहते पुष्कळ आहेत. तसे ऐकू नकोस, कारण आधीची दहाबारा मिनिटे सोसल्याशिवाय त्या गिटारला तिचे मोल मिळत नाही. चौथ्या बाजूत ख्रिस स्क्वायर यांचा बास गिटार प्रथमच पूर्णपणे पुढे येतो, मग सगळे वादक तालवाद्यांवर उतरतात आणि त्या कल्लोळानंतर गाणे अत्यंत मृदूपणे परतते. थोडक्यात, मी अल्बमच्या बाजूनेही बोलतो आणि विरोधातही, पण प्रत्येक वेळी कोणत्या बाजूवरील कोणत्या भागाबद्दल बोलतो आहे ते सांगतो. चर्चेत तुझ्याकडून माझी हीच अपेक्षा आहे.

याच संदर्भात एक व्यावहारिक सूचना करतो. समोरचा माणूस कोणती आवृत्ती ऐकतो आहे, ते आधी विचार. २००३ च्या आवृत्तीत पहिल्या बाजूच्या आरंभी सुमारे दोन मिनिटांचा भाग परत जोडला आहे, जो १९७३ च्या तबकडीवर नव्हता. २०१६ साली संगीतकार स्टीव्हन विल्सन यांनी मूळ ध्वनिमुद्रणातून केलेले नवे मिश्रण (रिमिक्स) आले, त्यात वाद्ये अधिक सुटी ऐकू येतात. सुरुवात संथ आहे की थेट, कीबोर्ड दबलेले आहेत की नाहीत, यावरून होणारी अनेक भांडणे प्रत्यक्षात दोन वेगवेगळ्या आवृत्त्यांमधली असतात.

आता मुखपृष्ठांविषयी. चित्रकार रॉजर डीन यांची चित्रे पाहूनच तू या बँडकडे वळलास, असे तू लिहिले आहेस, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. डीन यांचे या बँडसाठीचे पहिले काम म्हणजे १९७१ च्या ‘फ्रॅजाइल’चे मुखपृष्ठ. त्यात एक इवलासा ग्रह आहे आणि त्याच्यावरून लाकडी जहाज तरंगत चालले आहे. मलपृष्ठावर तोच ग्रह दुभंगतो, आणि १९७३ च्या ‘येससाँग्स’ या तीन तबकड्यांच्या मैफल-अल्बममध्ये त्याचे तुकडे अवकाशातून प्रवास करून नव्या जगात वसतात. ही कथा चित्रांची आहे, ती गाण्यांमध्ये शोधू नकोस. ‘क्लोज टू द एज’चे बाहेरचे पान जवळजवळ रिकामे आहे, फक्त गडद होत जाणारा हिरवा रंग आणि बँडचे ते वळणदार नाव, जे डीन यांनी रेखाटले आणि याच अल्बमवर प्रथम दिसले. तबकडीचे वेष्टन उघडल्यावर मात्र आत डोंगरमाथ्यावरचे तळे आणि त्याच्या कडांवरून खाली पडणारे पाणी समोर येते. हे वेष्टन हातात धरून उघडण्यासाठी केलेले आहे. फोनच्या पडद्यावर तुला त्यातला हिरवा रंग तेवढा मिळतो, म्हणून कुणाकडे जुनी तबकडी असेल तर ती एकदा अवश्य मागून पाहा.

‘टेल्स’च्या मुखपृष्ठावर पाण्याविना पोहणारे मासे आहेत, मागे मेक्सिकोतील चिचेन इत्साचे माया मंदिर आहे, जमिनीवर पेरूमधील नाझ्काच्या प्राचीन रेषा आहेत आणि पुढचे खडक इंग्लंडमधील प्रत्यक्ष ठिकाणांवरून घेतलेले आहेत. यात भारत कुठेही नाही, हे तुझ्या लक्षात आले असेल. तिसऱ्या बाजूविषयी मी वर जे म्हटले त्याला हे चित्र दुजोरा देते. मात्र एक खबरदारी घे. डीन यांची चित्रे इतकी प्रभावी आहेत की त्यांची भव्यता नकळत संगीताच्या खात्यावर जमा होते. त्यांच्याऐवजी हिप्नोसिस या डिझाइन संस्थेने केलेली १९७७ च्या ‘गोइंग फॉर द वन’ची आणि १९७८ च्या ‘टॉरमॅटो’ची मुखपृष्ठे अनेक चाहत्यांना आवडत नाहीत, आणि त्या नाराजीचा फटका ‘गोइंग फॉर द वन’ला तरी उगीचच बसतो. त्याची शेवटची रचना ‘अवेकन’ ऐक. तिच्यातला ऑर्गन स्वित्झर्लंडमधील व्हवे येथील चर्चमध्ये वाजवला गेला आणि टेलिफोनच्या तारेवरून माँत्र्यूच्या स्टुडिओत पोहोचवून ध्वनिमुद्रित झाला. मुखपृष्ठावरच्या काचेच्या उंच इमारती पाहून कुणालाही आत असे काही असेल असे वाटणार नाही.

मुखपृष्ठ नेहमी खरेच बोलते असेही नाही. १९७० च्या ‘टाइम अँड अ वर्ड’च्या अमेरिकी वेष्टनावर स्टीव्ह हाउ यांचे छायाचित्र आहे, जरी त्या अल्बमवर त्यांनी एकही स्वर वाजवलेला नाही. गिटार वाजवली ती पीटर बँक्स यांनी, आणि तबकडी बाहेर येण्यापूर्वीच त्यांना बँडमधून काढण्यात आले होते. बँक्स यांचे काम चाहत्यांकडून आजही दुर्लक्षित राहते, याची मला खंत वाटते.

आणि यावरून मी अशा एका गोष्टीकडे येतो, जिचा तुझ्या पत्रात उल्लेखच नाही. पहिले दोन अल्बम तू वगळलेस, कारण त्यांत ‘दुसऱ्यांची गाणी’ आहेत. माझी आग्रहाची विनंती आहे की तिथूनच पुन्हा सुरुवात कर. १९६९ च्या पहिल्या अल्बमवर बीटल्सचे ‘एव्हरी लिटल थिंग’ आहे. मूळ गाणे दोन मिनिटांच्या आसपासचे, तर ‘येस’ने ते साडेपाच मिनिटांहून लांब केले आहे. त्याआधी वाद्यांचा दीर्घ उठाव जोडला आहे आणि त्यात बीटल्सच्याच ‘डे ट्रिपर’ची गिटारची ओळ मध्येच डोकावते. बर्ड्स या अमेरिकी बँडचे ‘आय सी यू’ तसेच विस्तारलेले आहे, आणि त्यात बँक्स आणि ब्रुफर्ड यांचा जॅझकडे झुकणारा संवाद ऐकण्यासारखा आहे. ‘टाइम अँड अ वर्ड’ची सुरुवात अमेरिकी गायक रिची हेव्हन्स यांच्या गाण्याने होते, पण त्याला ‘द बिग कंट्री’ या चित्रपटातील जेरोम मोरॉस यांच्या संगीताची जोड दिली आहे. लहान गाणे घ्यायचे, त्याचे सांधे सुटे करायचे, मध्ये नवे दालन उभारायचे आणि तरीही मूळ चाल हरवू द्यायची नाही, ही कला या मंडळींनी दुसऱ्यांच्या गाण्यांवर हात चालवून मिळवली. पॉल सायमन यांच्या ‘अमेरिका’चे त्यांनी केलेले दहा मिनिटांचे रूप हे त्या शिक्षणाचे सर्वांत पक्व फळ आहे. तोवर हाउ आणि वेकमन आलेले होते. १९७५ च्या ‘येस्टरडेज’ या संकलनाची सुरुवात त्यानेच होते. १८ मिनिटांची स्वतंत्र रचना पेलण्याचे बळ कुठून आले, हे ‘अमेरिका’ आणि ‘क्लोज टू द एज’ लागोपाठ ऐकल्यावर तुला कळेल.

१९८० नंतरच्या काळाविषयी आज फारसे लिहीत नाही. १९८३ च्या ‘९०१२५’मधील ‘ओनर ऑफ अ लोनली हार्ट’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले आणि जुने चाहते दुरावले. तू त्या दुराव्यात सामील होण्याचे कारण नाही, कारण तू त्यांच्यासोबत १९७२ मध्ये नव्हतास.

तू चर्चेसाठी लिहिलेला मजकूर मला पाठवलास, त्यात ‘आध्यात्मिक’ हा शब्द जवळजवळ प्रत्येक परिच्छेदात आहे आणि बास गिटारचा उल्लेख एकदाही नाही. तो मजकूर सध्या बाजूला ठेव. चौथी बाजू दोन वेळा ऐक, एकदा केवळ स्क्वायर यांच्याकडे लक्ष देऊन आणि एकदा केवळ व्हाइट यांच्याकडे, आणि तालवाद्यांचा कल्लोळ कुठे सुरू होतो, तो तुला आवश्यक वाटतो की लांबलेला, हे एका पानात मला लिहून कळव. त्या पानावरून आपण पुढची चर्चा करू.

तुझा शुभेच्छुक