बार्साच्या महिला संघाचं खरं स्थापनावर्ष कोणतं?

तुम्ही विचारलंय की बार्सिलोना फुटबॉल क्लबच्या, म्हणजे बार्साच्या, महिला संघाचं स्थापनावर्ष कुठे १९७०, कुठे १९८८, तर कुठे २००२ दिसतं, मग खरं कोणतं. आणि "पैसा ओतला म्हणून जिंकतात" यात तथ्य किती. गेली काही वर्षं हा संघ नेमानं बघतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तिन्ही वर्षं बरोबर आहेत, फक्त तिन्हींचा अर्थ वेगळा. १९७० साली इम्मा काबेसेरान नावाच्या तरुणीनं एका बार्साप्रेमी मासिकातून मुलींना हाक दिली, की या, आपण संघ काढू. क्लबचे तेव्हाचे अध्यक्ष अगुस्ती मोंताल यांना ती जाऊन भेटली. त्याच वर्षी २५ डिसेंबरला, म्हणजे ऐन नाताळात, या मुली कॅम्प नूवर, म्हणजे बार्साच्या मैदानावर, सेन्तेयेस या संघाविरुद्ध मदतनिधीचा सामना खेळल्या. शिकवायला कोण, तर बार्साचा जुना नामांकित गोलरक्षक रामायेत्स. सामना गोलशून्य सुटला आणि पेनल्टीवर यांनी जिंकला. काळ स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या राजवटीचा. बायकांच्या फुटबॉलला स्पॅनिश महासंघाची मान्यता नव्हती, ती मिळायला १९८० उजाडलं. त्यामुळे खेळणाऱ्या मुली होत्या, प्रेक्षक होते, पण कागदावर काहीच नाही.

१९८८ मध्ये 'क्लब फेमेनी बार्सिलोना' रीतसर उभा राहिला. १९९४ ला त्यांनी राणीचा चषकही (स्पेनमधली महिलांची चषक स्पर्धा) जिंकला. तरी घरात राहायचं आणि रेशनकार्डावर नाव नाही, असा प्रकार. ते नाव चढलं २००२ मध्ये, मुख्य क्लबनं संघ अधिकृतपणे आपल्यात घेतला तेव्हा. मला विचाराल तर मी १९७० धरतो.

आता पैशाचं. २०१२ ते २०१५ सलग चार वेळा स्पेनची लीग जिंकल्यावर संघ पूर्ण व्यावसायिक झाला. आणि मग काय झालं? पुढची चार वर्षं लीग हातातून गेली! एकदा बिल्बाओच्या अॅथलेटिकनं नेली, तीनदा माद्रिदच्या अॅतलेतिकोनं. पैसा लागतोच, नाही कोण म्हणतं, पण नुसत्या पैशाचा हिशोब इथे जुळत नाही.

खरा धडा बसला २०१९ मध्ये बुडापेस्टला. चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सर्वात मोठी स्पर्धा, तिची बार्साची पहिलीच फायनल, समोर फ्रान्सचं लिऑन. अर्ध्या तासात लिऑन ४-० पुढे, त्यातले तीन गोल एकट्या आडा हेगरबर्गचे. शेवटी ४-१. लिऑनच्या पोरी जास्त वेगवान, जास्त दणकट होत्या, हे टीव्हीवरही दिसत होतं. मग दोनच वर्षांनी गोथेनबर्गला पुन्हा फायनल, तेच प्रशिक्षक युइस कोर्तेस, समोर चेल्सी. मिनिटही पुरं झालं नव्हतं, चेल्सीची खेळाडू बॉल बाहेर काढायला गेली तर तो चेल्सीच्याच दुसऱ्या खेळाडूला लागून गोलरक्षिकेच्या डोक्यावरून जाळ्यात. छत्तीसाव्या मिनिटाला बार्सा ४-० पुढे! हे दोन पूर्वार्ध लागोपाठ बघा. कोणताही लेख वाचायची गरज उरणार नाही.

पुढचं बहुतेकांना ठाऊक असतं: २०२२ मध्ये कॅम्प नूवर जर्मनीच्या वोल्फ्सबर्गविरुद्ध ९१,६४८ प्रेक्षक, बार्साच्या अलेक्सिया पुतेयासला दोन बॅलन डी'ओर (वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार), मग तिची सहकारी ऐताना बोनमातीला तीन. लिस्बनला २०२५ ची फायनल आर्सेनलकडून हरले, तेही लक्षात असू द्या.

एकच जुना सामना बघायचा असेल तर २०२३ ची आइंडहोव्हनची फायनल. मध्यंतराला वोल्फ्सबर्ग २-० पुढे. आमच्या घरी टीव्ही बंद करायची भाषा सुरू झाली होती. मग बार्साच्या पात्री गिहारोनं ४८ आणि ५० व्या मिनिटाला दोन मारले आणि ७० व्या मिनिटाला रोल्फोनं तिसरा. त्या दिवशी तिसऱ्याच मिनिटाला बार्सावर पहिला गोल चढवणारी एवा पायोर पुढच्याच वर्षी बार्सात आली.